गुंगीचं औषध देऊन अत्याचार: पहिले काही तास इतके महत्त्वाचे का?

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीतील एका कारखान्यावर छापा टाकला आणि मेफेड्रोनचा, म्हणजेच 'एमडी'चा मोठा साठा हाती लागला. पुणे, कुरकुंभ, दिल्ली आणि सांगली इथे मिळून जप्त केलेल्या मालाची किंमत साडेतीन हजार कोटी रुपयांहून अधिक असल्याचं सांगितलं गेलं. त्यामुळे या भागात 'ड्रग्ज' म्हटलं की कुरकुंभ आठवणं साहजिक आहे.

पण गुंगी आणून लैंगिक अत्याचार करणाऱ्याला असा कारखाना लागत नाही. एमडी मुळात गुंगीचा नव्हे, उत्तेजना देणारा पदार्थ आहे. अशा गुन्ह्यांत जगभर सर्वाधिक आढळते ती दारू. त्याखालोखाल येतात झोपेच्या आणि चिंता कमी करण्याच्या गोळ्या. म्हणजे घरातल्या औषधाच्या डब्यातही सापडतील अशा वस्तू.

धोका अनोळखी माणसाकडून की ओळखीच्या?

सोशल मीडियावर फिरणाऱ्या मेसेजमध्ये एक अनोळखी माणूस असतो. तो रुमाल हुंगवतो किंवा स्प्रे मारतो आणि मुलगी क्षणात बेशुद्ध पडते. प्रत्यक्षात क्लोरोफॉर्मनेसुद्धा माणूस क्षणात बेशुद्ध होत नाही, ते काही मिनिटं सतत हुंगावं लागतं.

दौंडसारख्या मोठ्या जंक्शनवर 'अनोळखी प्रवाशाने दिलेलं खाऊ नका' हा इशारा योग्यच आहे. रेल्वेत गुंगीचं औषध देऊन लुटण्याचे प्रकार घडले आहेत. मात्र राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार बलात्काराच्या ९५ टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा होता. तो नातेवाईक, शेजारी, मित्र किंवा सहकारी असू शकतो.

फ्रान्समधल्या जिझेल पेलिको यांच्या खटल्याने हे जगासमोर आणलं. त्यांचा नवरा सुमारे १० वर्षं त्यांच्या खाण्यापिण्यात गोळ्या मिसळत होता आणि इतर पुरुषांना घरी बोलावत होता. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने नवऱ्यासह ५१ पुरुषांना दोषी ठरवलं. नवऱ्याला २० वर्षांची शिक्षा झाली.

शुद्धीत नसताना दिलेला होकार कायद्याला मान्य आहे का?

नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ नुसार, नशेमुळे किंवा गुंगीच्या पदार्थामुळे आपण कशाला होकार देतोय हे स्त्रीला समजत नसेल, तर ती संमती ठरत नाही. दारू तिने स्वतःहून घेतली असली तरी हा नियम बदलत नाही. शिक्षा किमान १० वर्षांची आहे.

कलम १२३ नुसार गुन्हा करण्याच्या हेतूने कुणाला गुंगीचा पदार्थ देणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणजे मुलगी वेळीच सावध झाली आणि पुढचा प्रसंग टळला, तरी पदार्थ देणाऱ्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

एक मोठी त्रुटी मात्र आहे. पत्नी १८ वर्षांपेक्षा मोठी असेल, तर नवऱ्याने केलेली जबरदस्ती भारतात अजूनही बलात्काराच्या व्याख्येत बसत नाही.

वेळ गेली की काय जातं?

पुरावा जातो. गुंगीचे काही पदार्थ १२ तासांच्या आत लघवीतूनही नाहीसे होतात. काही गोळ्यांचा अंश काही दिवस सापडतो. रक्तातला पुरावा त्याहून लवकर संपतो. आणि नेमके हेच तास 'खरंच काही झालं का?' या गोंधळात निघून जातात. आठवणीत मोठी पोकळी असते, आणि जे आठवत नाही ते सांगणार कसं, असं वाटत राहतं.

शिरूर आणि दौंड पुण्यापासून ७०-८० किलोमीटरवर आहेत. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत कामासाठी बाहेरगावाहून आलेल्या, खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या मुलींचं जवळ कुणी नसतं. म्हणून कुठे जायचं आणि काय मागायचं, हे आधीच माहीत असलेलं बरं.

संशय आला तर काय करायचं?

• आधी जवळचं रुग्णालय गाठा. पुण्याला पोहोचेपर्यंत थांबू नका. सरकारी असो वा खासगी, प्रथमोपचार मोफत देणं रुग्णालयाला बंधनकारक आहे. 'आधी पोलिसांत तक्रार करा, मग बघू' असं ते म्हणू शकत नाही.

• 'गुंगीच्या औषधाच्या तपासणीसाठी रक्त आणि लघवीचे नमुने घ्या' असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. वाटेत लघवीला जावंच लागलं, तर ती स्वच्छ, झाकणाच्या डबीत धरून सोबत न्या.

• तपासणीआधी अंघोळ करू नका. कपडे बदलले असतील तर ते न धुता कागदी पिशवीत ठेवा. ग्लास, बाटली, मेसेज, कॉलची नोंद यातलं काही फेकू किंवा पुसू नका.

• एचआयव्ही टाळण्याचं औषध ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं. गर्भनिरोधक गोळीही जितकी लवकर घ्याल तितकी उपयोगी.

• तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. 'ही आमची हद्द नाही' हे कारण चालत नाही. जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे.

• पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, महिला हेल्पलाइन १८१, मुलांसाठी १०९८, रेल्वेत १३९.

दोन-चार दिवस उलटून गेले असले तरी जा. अहवालात काही सापडलं नाही म्हणून गुन्हा घडलाच नाही, असा अर्थ होत नाही. पेलिको प्रकरणात तर पुढे केसांच्या तपासणीतही औषधाचा अंश मिळाला होता.

सोबत असलेल्यांनी काय करावं?

थोडंसं पिऊनही कुणी अचानक बरळू लागली, तोल जाऊ लागला, डोळे मिटू लागले, तर 'चढली असेल' म्हणून सोडून देऊ नका. तिला एकटीला झोपवू नका. उलटी घशात अडकू नये म्हणून कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. 'मी सोडतो तिला घरी' म्हणणाऱ्यासोबत तिला एकटीला पाठवू नका, तो ग्रुपमधलाच असला तरी.

आणि दुसऱ्या दिवशी ती काही सांगू लागली, तर 'तू प्यायलीसच कशाला?' हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर शोधण्यात जो वेळ जाईल, तेवढ्यात लघवीतला पुरावा संपलेला असेल. त्याऐवजी 'चल, दवाखान्यात जाऊ' एवढंच म्हणा.