गावचे हॉटेल आणि सांगलीची पेठ



सांगलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर गावोगावी घरच्याच माणसांनी चालवलेले एखादे हॉटेल असते. पहाटे धनी भट्टी पेटवतो, कारभारीण भज्यांचे पीठ कालवते, पोरगा कपबशा विसळतो. दूध गोठ्यातले, शेंगदाणे रानातले. गल्ल्यात पैसा खुळखुळतो म्हणून धंदा बरा वाटतो. पण वर्षअखेर हातात काय उरते? हा हिशेब मांडायचा, तर आधी पेठेकडे पाहावे लागेल.

१८०१ साली चिंतामणराव पटवर्धन मिरजेतून वेगळे झाले व त्यांनी सांगलीला राजधानी केली. लहानशा गावाची पेठ झाली. पेठभाग, वखारभाग ही नावे त्याच वाढीची खूण आहेत. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. हळदीने या पेठेचे नाव देशभर नेले. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले.

ही हळद साठवायची कुठे? सांगलीलगत, कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपुरात जमिनीत पेवे खणलेली. तोंड अरुंद, पोट मोठे. तोंड बंद केले की आत हवा खेळत नाही, म्हणून कीड लागत नाही. वर्षानुवर्षे माल टिके. पण २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरले, हळद नासली. पुढे साठवण गोदामांकडे व शीतगृहांकडे वळली.

याचा हॉटेलशी संबंध काय? तुमचे गिऱ्हाईक म्हणते, "हळदीची पट्टी आली की देतो." म्हणजे तुमचा चहा पेठेतल्या भावावर उधार जातो. भाव पडला की पट्टी आखडते, आणि उधारी वहीतच राहते. सगळी उधारी एकाच पिकाच्या भरवशावर ठेवणे म्हणजे सगळा माल एकाच पेवात घालणे.

म्हणून तीन गोष्टी करा. पहिली, घरचे दूध फुकटचे समजू नका. डेअरीवर जो दर मिळाला असता, तो हॉटेलच्या खर्चात लिहा. शेंगदाणे, ज्वारी, सरपण यांचेही तसेच. दुसरी, कारभारणीची व मुलांची मजुरी वहीत धरा. बाहेरचा माणूस ठेवला असता तर जे द्यावे लागले असते, तेवढी. ती धरूनही शिल्लक राहिली, तरच तो नफा. नाही राहिली, तर हॉटेल घरच्यांच्या घामावर चालले आहे, हे ओळखा. आणि मुलाची शाळा भट्टीपायी बुडू देऊ नका. तिसरी, उधारीला माणशी मर्यादा घाला. आठवड्याच्या बाजारादिवशी मागची बाकी घ्या, मगच नवी लिहा.

आज रात्री वही उघडा. कारभारणीला शेजारी बसवा. तिच्या कष्टाचा रकाना आधी आखा, मग गल्ला मोजा.