विश्लेषण : ओट्सवाली क्वेकर व्हिडीओ गेममध्ये कशी शिरली?

न्याहारीचे ओट्स विकणाऱ्या अमेरिकेतील क्वेकरने १९८२ मध्ये यूएस गेम्स ही कंपनी घेतली आणि अटारी २६०० साठी गेमची कार्ट्रिज बाजारात आणली. ती एकटी नव्हती. ‘फ्रॉगर’ घरोघरी नेणारी पार्कर ब्रदर्सही जनरल मिल्स या पीठ-सीरियलवाल्या कंपनीचीच. खुद्द अटारी सिनेमा-संगीतातल्या वॉर्नरची.

हे शक्य कसे झाले?

अटारी २६०० मध्ये परकी कार्ट्रिज रोखणारी सोयच नव्हती. अ‍ॅक्टिव्हिजनने त्यावर बक्कळ कमावल्यावर इतरांनाही मोह झाला. क्वेकरकडे फिशर-प्राइस खेळणी होतीच. गिऱ्हाईक ओळखीचे, माल मात्र अनोळखी. १९८३ मध्ये दुकानांत न खपलेल्या कार्ट्रिजचे ढीग साचले, भाव कोसळले. ज्यांची चूल ओट्सवर पेटत होती, त्यांना तोटा सोसत थांबायचे कारण नव्हते. क्वेकरने त्याच वर्षी यूएस गेम्सला टाळे ठोकले. वॉर्नरने १९८४ मध्ये अटारीचा घरगुती विभाग विकला.