ट्रान्सफॉर्मर, स्वाहिली आणि पाचवं वर्ष



बारावीचा निकाल लागला आणि आमच्या ताईकडे बैठक बसली. तुमच्याही घरी बसलीच असेल. भाचीला मार्क चांगले आहेत, इलेक्ट्रिकल घ्यायचं हे ठरलेलं होतं. पण तिने मध्येच सांगितलं, "मामा, मला इंजिनिअरिंगबरोबर ग्लोबल स्टडीज करायचंय. पाच वर्षांत दोन डिग्र्या." दाजींनी चहाचा कप खाली ठेवला. माझी आई म्हणाली, "दोन डगरींवर पाय ठेवू नये बाई." आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण घरातला इंजिनिअर मी. मी "बघू" म्हणून वेळ मारून नेली. नंतर कळलं की हाच प्रश्न मंडळातल्या आणखी दोन घरांत निघालाय, म्हणून उत्तर इथेच लिहितो.

आधी नावाचं बघू. ग्लोबल स्टडीज म्हणजे जगाचा भूगोल नव्हे आणि परदेशी जायचं तिकीटही नव्हे. व्यापार, स्थलांतर, हवामान, कर्ज, रोगराई हे प्रश्न एका देशाच्या हद्दीत मावत नाहीत. त्यांचा इतिहास, राजकारण, अर्थकारण अशा सगळ्या बाजूंनी अभ्यास करायचा, असा हा विषय. चांगल्या ठिकाणी त्याला एक परकी भाषा जोडलेली असते. माझ्या मते खरा जीव त्या भाषेतच आहे. का, ते सांगतो. गोष्ट माझीच आहे आणि मला फारशी भूषणावह नाही.

बडोद्यात ट्रान्सफॉर्मर किती बनतात ते तुम्हाला सांगायला नको. वीस वर्षांपूर्वी मी अशाच एका कंपनीत होतो आणि टांझानियातल्या एका छोट्या सबस्टेशनवर आमचा ट्रान्सफॉर्मर बसवायला गेलो होतो. ट्रान्सफॉर्मरमधल्या तेलाला ओल अजिबात सोसत नाही. म्हणून बाहेरची हवा ज्या नळीतून आत येते तिच्या तोंडाशी ब्रीदर असतो आणि त्यात सिलिका जेलचे निळे खडे. खड्यांनी ओल शोषली की ते गुलाबी होतात. मग ते बदलायचे किंवा तापवून वाळवायचे. एवढं सोपं काम. मी इंग्रजी मॅन्युअल दिलं, तिथल्या सुपरवायझरला दोन दिवस शिकवलं, सह्या घेतल्या आणि परत आलो.

दुसऱ्या पावसाळ्यात ट्रान्सफॉर्मर जळाला. तेलात पाणी गेलं होतं. गावाचा पाण्याचा पंप त्याच लाइनवर होता, तो सात आठवडे बंद राहिला. तपासणीला मलाच पाठवलं. इंग्रजी येणाऱ्या सुपरवायझरची कधीच बदली झाली होती. रात्रपाळीच्या ऑपरेटरने मला एक वही आणून दिली. दुभाष्याने वाचून दाखवली. खड्यांचा रंग बदलल्याचं त्याने आठवड्या-आठवड्याला लिहून ठेवलं होतं, स्वाहिलीत. गुलाबाला ते 'वारिदी' म्हणतात आणि गुलाबी रंगाला 'रांगी या वारिदी'. म्हणजे आपल्यासारखंच, फुलावरून रंगाचं नाव. त्या माणसाने आपलं काम चोख केलं होतं. वही वाचणारंच कोणी नव्हतं.

आमच्या रिपोर्टात कारण लिहिलं गेलं, 'ऑपरेटरचा हलगर्जीपणा'. त्याखाली माझी सही आहे.

हे परदेशातच होतं असं नाही. आपल्यापासून नव्वदेक किलोमीटरवर सरदार सरोवर आहे. नेहरूंनी ५ एप्रिल १९६१ला पाया घातला आणि लोकार्पण झालं १७ सप्टेंबर २०१७ला. मधल्या छप्पन्न वर्षांत काय काय झालं बघा. पाणीवाटपाच्या लवादाचा निवाडा १९७९चा. १९८५मध्ये वर्ल्ड बँकेने ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने १९९२मध्ये पुनर्वसनावर आणि पर्यावरणाच्या अभ्यासावर कडक ताशेरे ओढले. मार्च १९९३मध्ये भारताने उरलेलं कर्ज घ्यायचं नाही असं कळवलं. तुम्ही बाजू कुठलीही घ्या. पाणी सौराष्ट्र-कच्छपर्यंत पोचलं हेही खरं आणि नंदुरबारची गावं बुडाली हेही खरं. पण मुख्य भांडण काँक्रीटच्या ताकदीवरून नव्हतं. कोण उठणार, कुठे जाणार, ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याचं काय, हे ते भांडण होतं. तो अहवाल आला तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो. पेपरात सगळं वाचत होतो, पण हा आपल्या अभ्यासाचा भाग आहे असं मला वाटलं नाही.

आता भाचीच्या मुद्द्यावर. अशा जोड-डिग्रीचा माझ्या माहितीतला सगळ्यात चोख नमुना अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी ऑफ ऱ्होड आयलंडचा. तिथे १९८७मध्ये जर्मनचे प्राध्यापक जॉन ग्रँडिन आणि इंजिनिअरिंगचे डीन हर्मन व्हीट्स यांनी तो सुरू केला. पाच वर्षांत इंजिनिअरिंगची बी.एस. आणि भाषेची बी.ए. पहिली तीन वर्षं दोन्ही अभ्यास शेजारी-शेजारी. चौथं वर्ष परदेशात: एक सत्र तिथल्या विद्यापीठात (जर्मनवाल्यांसाठी ब्राउनश्वाइगला) आणि पुढचे सहा महिने तिथल्याच कंपनीत काम. पाचव्या वर्षी परत. सुरुवात जर्मनपासून झाली, मग फ्रेंच, स्पॅनिश, चिनी अशा भाषा आल्या. मला यातले ते सहा महिने सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. फोरमन जर्मनमध्ये ओरडतो तेव्हा जे कळतं ते परीक्षेत कळत नाही.

दाजी म्हणाले, "अमेरिकेची फी कोण भरणार?" रास्त प्रश्न आहे. आपल्याकडे अगदी असाच कोर्स सहज सापडणार नाही, पण जवळपासचे आहेत. बिट्सच्या गोवा आणि हैदराबाद कॅम्पसवर अर्थशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश घेऊन पहिल्या वर्षाच्या गुणांवर बी.ई.ची शाखा मिळवता येते. दोन्ही मिळून पाच वर्षं. हैदराबादच्या ट्रिपल आयटीत कॉम्प्युटर सायन्सच्या बी.टेक.बरोबर 'कॉम्प्युटिंग अँड ह्यूमन सायन्सेस'मधली संशोधनाची मास्टर्स करता येते. हैदराबादकर वाचकांनी घराजवळचं हे जरूर बघावं.

आणि घरगुती मार्गही आहे. एप्रिल २०२२मध्ये यूजीसीने दोन पूर्णवेळ पदव्या एकाच वेळी करायला परवानगी दिली. दोन्ही वर्गात बसून करायच्या तर तासांच्या वेळा एकमेकींवर यायला नकोत. नाहीतर एक वर्गात आणि दुसरी ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने. मात्र आपलं विद्यापीठ हे मान्य करतं का, ते लेखी विचारून घ्या. तोंडी "चालेल" म्हणणारे पुष्कळ भेटतात. पदवी नको असेल तर नुसती भाषा धरा. आपल्या सयाजीराव विद्यापीठाच्या आर्ट्स फॅकल्टीत जर्मन, फ्रेंच, रशियन शिकवतात.

परदेशी जोड-डिग्री घेणाऱ्यांनी आधी इंजिनिअरिंगची अर्धी बाजू तपासावी. तो देश वॉशिंग्टन अकॉर्डमध्ये आहे का आणि तो कोर्स तिथल्या संस्थेने मान्य केलेला आहे का? भारत २०१४पासून या कराराचा पूर्ण सदस्य आहे. नाव कितीही झकास असलं तरी ज्या कोर्समध्ये गणित आणि मशिन्स पातळ केलेली दिसतील तिथे जाऊ नका. तसंच, ज्यात भाषा नाही आणि बाहेर राहणं नाही, नुसती निबंधांची रास आहे, त्यासाठी पाचव्या वर्षाचे पैसे मी तरी देणार नाही.

आईच्या दोन डगरींचं उत्तर मात्र बडोद्यातच सापडलं. सयाजीराव महाराजांनी १८९०मध्ये कलाभवन काढलं, तेव्हा यंत्रकाम आणि चित्रकला एकाच संस्थेत होती. दादासाहेब फाळके तिथलेच. आई म्हणाली, "फाळक्यांचं ठीक आहे, हिचं लग्न कधी होणार ते सांग." या विषयावर मी कॉलम लिहीत नाही.

सध्याची स्थिती अशी: भाची इलेक्ट्रिकलला इथेच प्रवेश घेतेय, संध्याकाळी जर्मन करणार, आणि तिसऱ्या वर्षानंतर बाहेरच्या सत्राचं बघायचं. दाजींचा पाच वर्षांचा तक्ता अजून पुरा झालेला नाही. परवा ती घरी आली आणि तिने विचारलं, "मामा, त्या ऑपरेटरची वही कुठे आहे?" वही तिथेच राहिली. माझ्याकडे शेवटच्या दोन पानांची झेरॉक्स आहे, रिपोर्टाच्या फाइलमध्ये. ती तिने मागून नेली.