आपलं गाव चित्रात येऊ द्या

चित्रकलेच्या तासाला आपण एकमेकांच्या वह्या बघतो. बहुतेक वह्यांत दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि नारळाची झाडं! लोहाऱ्यात असं कुठं दिसतं? मोबाईलवरच्या फोटोंत मात्र ज्वारीची कणसं, माळवदाचं घर, नळदुर्गचा पाणीमहाल असतो. मला तेच जास्त आवडतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात आपल्या तालुक्यातलं सास्तूर उद्ध्वस्त झालं. दगडमातीची जुनी घरं पडली. ज्यांचं चित्र नाही, फोटो नाही, ती आता फक्त म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत आहेत. म्हणून डोळ्यांपुढं आहे ते काढावं, असं माझं मत आहे. मित्राचं चित्र पाहून नुसतं "लय भारी" म्हणू नये. काय हुबेहूब आलं, काय राहिलं, तेही सांगावं. पालकांनीही घरातले जुने फोटो आम्हांला दाखवावेत, ही विनंती.