जपानी उच्चार आणि सीमेवरचा कान

जपानी शिकू पाहणाऱ्या मराठी माणसाची सारी धास्ती लिपीभोवती एकवटलेली असते. नित्य वापरातल्या दोन हजारांवर कांजी पाठ कशा होणार, ही त्याची चिंता. उच्चारांबद्दल मात्र तो निश्चिंत असतो. देवनागरीत सगळे ध्वनी लिहिता येतात, मग जपानी ते काय, असा आपला जुना अभिमान आहे. आमच्या मते खरी गफलत इथेच होते.

अभिमानाला थोडा आधार आहे, हे मान्य. 'चहा'तला च वेगळा आणि 'चूल'मधला वेगळा, हे मराठी मुलाला शिकवावे लागत नाही. त्यामुळे जपानीतला 'चि' आणि 'त्सु' हा भेद त्याला जड जात नाही. 'मका' आणि 'मक्का' यांतले अंतर जाणणाऱ्याला 'किते' (येऊन) आणि 'कित्ते' (टपालाचे तिकीट) यांतलेही कळते.

अडचण स्वरांची आहे. जपानीत 'कोको' म्हणजे 'इथे', आणि दोन्ही ओकार लांबवले की त्याचेच 'उच्च माध्यमिक शाळा' होते. मराठीत ए आणि ओ दीर्घच. ऱ्हस्वासाठी वेगळे अक्षरही नाही. इ-उंची लांबी आपण लिहिताना पाळतो. बोलताना ती अर्थावरून नव्हे, शब्दातल्या जागेवरून ठरते. म्हणून 'ओजिसान' (काका) आणि 'ओजीसान' (आजोबा) यांची आपल्या तोंडी सरमिसळ होते. वहीत देवनागरीतून जपानी उतरवणारा विद्यार्थी तर ही चूक स्वतःच्या हाताने पक्की करतो.

आता होटगीकडे पाहू. सोलापूरजवळच्या या जंक्शनातून एक रूळ वाडीकडे जातो, दुसरा विजयपूर-गदगकडे. इथल्या कानांवर मराठीबरोबर कानडीही पडते. कानडीत ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओंना स्वतंत्र अक्षरे आहेत. 'कोडु' ऱ्हस्व ओने म्हटले तर 'दे', दीर्घ ओने म्हटले तर 'शिंग'. सोलापूरच्या विणकर वस्तीतल्या तेलुगूतही हा ऱ्हस्व-दीर्घ भेद आहे. म्हणजे जे पुणेरी जिभेला घोकावे लागते, त्याची खूण सीमेवरच्या कानाला आधीच पटलेली असते. आणि याच मुलांना शहरात आल्यावर 'तुमच्या मराठीला कानडी हेल आहे' असे ऐकवून गप्प बसवले जाते! परभाषा बोलायला लागणारे पहिले भांडवल म्हणजे तोंड उघडण्याचे धैर्य. तेच आपण काढून घेतो.

कानडी येणारा आपोआप जपानी बोलू लागेल, असे आमचे म्हणणे नाही. 'आमे' हा शब्द टोकियोकडच्या बोलीत वरून खाली उतरला तर पाऊस, खालून वर चढला तर गोळी. हा स्वराघात मराठीतही नाही आणि कानडीतही नाही. तो ऐकूनच कमवावा लागतो. पण जो भेद कानाला ऐकू येतो, तो जिभेला शिकवणे सोपे, एवढे नक्की.

परीक्षा यात फारशी मदत करत नाही. 1984 पासून होत असलेल्या जपानी भाषा प्राविण्य परीक्षेत श्रवण आहे, वाचन आहे, व्याकरण आहे, संभाषण नाही. तेव्हा वरची पातळी गाठूनही बोलताना अडखळणारे उमेदवार निपजले तर नवल कसले? उपाय साधे आहेत. ध्वनिफितीच्या पाठोपाठ, तिच्याच लयीत बोलावे. आपले बोलणे मोबाइलवर मुद्रित करून ऐकावे. बोटांवर मात्रा मोजाव्यात : 'तोऽक्योऽ' चार मात्रांचे, 'निप्पोन'ही चारच. मात्रावृत्तांत वाढलेल्या आपल्या कानाला हा हिशोब परका नाही.

आणि शिक्षकांनी पहिल्या दिवशी विद्यार्थ्याला विचारावे, घरी आणि गल्लीत कोणकोणत्या भाषा कानावर पडतात? होटगीच्या मुलाचे उत्तर शुद्ध मराठीच्या कसोटीवर कदाचित उणे ठरेल. जपानीच्या वर्गात मात्र तीच त्याची पुंजी आहे.