पहिली एअर रायफल घेताना

"ताई, मुलाला एअर रायफल घ्यायची आहे. इलेक्ट्रॉनिक घेऊ की साधी?"

बदलापूरपासून उल्हासनगरपर्यंत कितीतरी घरांत मला हा प्रश्न विचारला गेलाय. विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी असते, कारण रक्कम मोठी असते. कुणी भिशी उचललेली असते, कुणी पीएफमधून पैसे काढलेले असतात. मुलांचा हट्टही मला कळतो. आपल्याच ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला जाऊन १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता होऊन आला. पनवेलच्या सुमा शिरूर २००४ मध्ये अथेन्स ऑलिंपिकची फायनल खेळल्या. आपल्या आसपासची माणसं हे करू शकतात, हे पोरांनी पाहिलंय.

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. घरातली पहिली रायफल असेल तर साधी घ्या. म्हणजे यांत्रिक ट्रिगरची. मूल तीन-चार वर्षं टिकून खेळलं, मोठ्या स्पर्धांना जायला लागलं, की मग इलेक्ट्रॉनिकचा विचार करा.

एक गोंधळ मात्र आत्ताच सोडवून घ्या. रेंजवर "इलेक्ट्रॉनिक" म्हणतात ते बहुतेक वेळा टार्गेट असतं. छर्रा लागला की पडद्यावर गुण दिसतात, ते. त्याचा तुमच्या रायफलीशी काही संबंध नाही. साध्या ट्रिगरची रायफलही त्या टार्गेटवर तशीच चालते. एका बाबांनी निव्वळ या गैरसमजापोटी दुप्पट खर्च केलेला मी पाहिलाय.

आता दोन्हींत फरक काय ते बघा.

यांत्रिक ट्रिगरमध्ये एक छोटा आकडा एका खाचेत अडकलेला असतो. बोटाने ट्रिगर ओढला की आकडा सुटतो, आतला हातोडा झडपेवर आपटतो, हवा सुटते, छर्रा निघतो. सगळा खेळ स्प्रिंगचा आणि घासणाऱ्या कडांचा. इलेक्ट्रॉनिकमध्ये बोट फक्त एक बटण दाबतं. पुढचं काम सर्किट करतं. बॅटरीतून झटका जातो, चुंबक पिन ओढतो, हवा सुटते. घासणारी कड नाही, त्यामुळे पहिला नेम आणि साठावा नेम, बोटाला सारखाच लागतो. इलेक्ट्रॉनिकचा हा गुण खराच मोठा आहे. नामवंत नेमबाज ती उगाच वापरत नाहीत.

पण दोघींची बिघडायची रीत वेगळी. यांत्रिक ट्रिगर आधी कुरकुरतो. आज जरा जड लागतो, उद्या अडखळतो, परवा मूल म्हणतं, "कोच, ट्रिगर घसरतोय." तुम्हाला आठवडाभर आधी कळतं. इलेक्ट्रॉनिक मात्र काल उत्तम चालते आणि आज गप्प बसते. बॅटरी उतरल्याची खूण तिच्यावर असते, पण ती खूण बघायची सवय आधी अंगी लागावी लागते. बारा वर्षांच्या मुलाला ती कुठून असणार?

माझ्या भाचीचंच सांगते. जुलैतली सकाळ, भरपूर पाऊस. आम्ही बदलापूरहून पहाटेच्या लोकलने निघालो. रायफलीची पेटी गर्दीत उभी धरून माझे हात भरून आले होते. रेंजवर पोचलो, तिने जॅकेट चढवलं, रायफल उचलली आणि ट्रिगर दाबला. काहीच नाही. पुन्हा दाबला. काहीच नाही. तिचं तोंड एवढंसं झालं.

शेजारच्या मुलाच्या वडिलांनी बॅटरीचं झाकण नखाने उघडलं. आत पत्र्याच्या टोकावर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पुटं चढली होती. त्यांनी मुलाच्या कंपासमधला खोडरबर मागितला, टोक घासून लख्ख केलं, स्वतःकडची नवी बॅटरी बसवली. खट् झालं. एवढंसंच होतं ते. पण हात कापत होते पोरीचे, पहिले दहा नेम वाया गेले. आदल्या रात्री सरावानंतर बॅटरीचं बटण बंद करायचं राहिलं होतं आणि पावसाळाभर ते झाकण आम्ही एकदाही उघडलं नव्हतं. चूक रायफलीची नव्हती, आमची होती.

म्हणून इलेक्ट्रॉनिक रायफल घरात असेल तर एवढं कराच. सराव संपला की बटण बंद. दर रविवारी झाकण उघडून टोकं कोरड्या कापडाने पुसायची. स्पर्धेच्या आदल्या रात्री नवी बॅटरी, आणि एक जादा बॅटरी पेटीत. चार्जवर चालणारी असेल तर वीज जायच्या आधी चार्ज करून ठेवा. आपल्याकडे पावसात वीज कधी जाईल, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आणि एक कळकळीची विनंती. सर्किट बिघडलं तर ते मोबाइलच्या दुकानात नेऊ नका. उल्हासनगरात काहीही दुरुस्त होतं हे मला ठाऊक आहे. माझा मिक्सर, माझा रेडिओ, दोन्ही तिथेच जिवंत झाले. पण हे सर्किट त्या कारागिराने कधी पाहिलेलं नसतं आणि बिघडलेल्या ट्रिगरची रायफल भलत्या वेळी सुटू शकते. कंपनीच्या माणसाकडेच पाठवा, चार आठवडे लागले तरी चालतील.

खरेदीआधी दुकानदाराला हाच प्रश्न विचारा: बिघडली तर कुठे पाठवायची आणि किती दिवसांनी परत येईल? परदेशी रायफलीचा एक सुटा भाग यायला कधी कधी अख्खा मोसम जातो. आपल्या अंबरनाथ पूर्वेला एमआयडीसीत प्रेसिहोल नावाची कंपनी आहे. पोलादात खोल भोकं पाडायची यंत्रं ती बनवते. बंदुकीची नळी म्हणजे तरी शेवटी लांब, सरळ भोकच. ती एअर रायफलीही बनवते. तिचीच घ्या असं मी म्हणत नाही. कुठली घ्यायची ते कोच मुलाचा हात आणि खांदा बघून सांगतील. पण दुरुस्ती रिक्षाच्या अंतरावर असणं हीसुद्धा रायफलीची जमेची बाजू धरा.

"इलेक्ट्रॉनिक बेभरवशाची असते ना? मनू भाकरचं काय झालं टोकियोला?" असंही विचारतात. ती गोष्ट नीट ऐका. २५ जुलै २०२१, टोकियो ऑलिंपिक. ती १० मीटर एअर पिस्तूल खेळत होती आणि मध्येच पिस्तूल बंद पडलं. पहिली बातमी आली की इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं सर्किट गेलं. लोकांच्या डोक्यात तेच पक्कं बसलं. नंतर प्रशिक्षक रौनक पंडित यांनी सांगितलं की पिस्तूल उघडायचा दांडा तुटला होता. धातूचा दांडा, जो सहसा तुटत नाही. दुरुस्तीत बरीच मिनिटं गेली, वाढीव वेळ मिळाला नाही. ५७५ गुण झाले, ती बारावी आली, फायनल थोडक्यात हुकली. तीच मनू २०२४ ला पॅरिसहून दोन कांस्यपदकं घेऊन आली.

म्हणजे इलेक्ट्रॉनिक रायफल म्हटली तरी तिच्यात ट्रिगर सोडून बाकी सगळं यांत्रिकच असतं. दांडा, झडप, वॉशर, नळी, साईट. आणि माझ्या पाहण्यात जास्त तक्रारी ट्रिगरच्या नसतातच. असतात हवेच्या.

हवेचं जरा सविस्तर सांगते, कारण इथे धोका आहे.

स्पर्धेच्या रायफलीचा सिलिंडर साधारण २०० बार दाबाने भरतात. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार दाब असतो. म्हणजे जवळपास नव्वदपट. हा सिलिंडर कधीही, कुठल्याही परिस्थितीत ऑक्सिजनने भरायचा नाही. आपल्या पट्ट्यात वेल्डिंगची दुकानं पावलोपावली आहेत, ओळखीचा माणूस "दे, भरून देतो" म्हणतो. नको म्हणा. एवढ्या दाबाचा ऑक्सिजन आणि तेलाचा एक थेंब एकत्र आले तर स्फोट होतो. भरायची ती साधी, कोरडी हवा. रेंजवरच्या टाकीतून किंवा हातपंपाने. तेलही मनाने घालायचं नाही. खोबरेल तर नाहीच, ते चिकट होऊन बसतं.

हातपंप वापरत असाल तर पावसाळ्यात जपून. आपली हवा ओलसर असते, पंपाबरोबर ते पाणी आत जातं आणि सिलिंडर आतून गंजतो. पंपाला पाणी अडवणारी डबी असते, ती दर वेळी काढून पुसा. पन्नास दट्टे मारले की थांबा, पंप गार होऊ द्या.

सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. तो ठरावीक वर्षंच वापरायचा असतो, बहुधा दहा. जुनी रायफल घेत असाल तर ती तारीख आधी वाचा. रायफल झकास आणि सिलिंडर मुदत संपलेला, अशी विक्री सर्रास होते. मुदत संपलेला सिलिंडर घेऊन मूल स्पर्धेला गेलं तर तपासणीतच अडकू शकतं.

हवा गळते का हे घरीच कळतं. रात्री काट्यावरचा आकडा वहीत लिहा, सकाळी पुन्हा बघा. उतरला असेल तर बहुधा वॉशर गेला. दोन्ही प्रकारच्या रायफलींत वॉशर सारखाच जातो.

नळी मोडून ताणायची स्प्रिंगची रायफल असेल तर दोन गोष्टी. ताणून तशीच ठेवू नका, स्प्रिंग दमते. आणि छर्रा न घालता उडवू नका, आतला दट्ट्या थेट आपटतो.

नेम धरायची साईट हेही बिघाडाचं एक ठिकाण. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये फायनलच्या आधीच्या सरावात अभिनव बिंद्राचा नेम थेट चारवर गेला. ट्रिगर ठीक होता, साईट हलली होती. त्याने ती शांतपणे जागेवर आणली आणि सुवर्ण जिंकलं. या खेळात दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर असतो. पेटी लोकलच्या दारात एकदा आपटली तरी पुरते. म्हणून रेंजवर पोचलं की आधी सरावाचे नेम, मग बाकी सगळं.

घरात ठेवायचं कसं? तळमजल्यावर राहत असाल तर रायफल पलंगाखाली ठेवू नका. २००५ चा पूर आपण विसरलेलो नाही. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली, तेव्हा बदलापुरात घराघरांत पाणी होतं. यांत्रिक ट्रिगर भिजला तर कारागीर उघडून, वाळवून बहुधा वाचवतो. सर्किट भिजलं तर गेलंच समजा. पेटी माळ्यावर किंवा कपाटाच्या वरच्या खणात, आत ओल शोषणाऱ्या पुड्या.

कुलूप लावा. छर्रे वेगळ्या जागी. सिलिंडर काढून ठेवा, पण काढल्यावरही एखाद्या नेमापुरती हवा आत राहू शकते हे लक्षात असू द्या. इलेक्ट्रॉनिक असेल तर बॅटरीही काढा. धाकटं भावंड घरात असलं तर हा इलेक्ट्रॉनिकचा एक फायदाच. तरी नळी माणसाकडे वळवायची नाही, रिकामी असली तरी नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून.

परवान्याचं म्हणाल तर, ४.५ मिलिमीटरची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. स्पर्धेच्या १० मीटर रायफली यातच बसतात. तरी दुकानातून पक्की पावती घ्या. तिची एक प्रत आणि रेंजचं ओळखपत्र पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा. स्टेशनवर पोलिसांनी विचारलं तर मुलाने घाबरायचं नाही, पेटी त्यांच्यासमोर उघडायची आणि झाकण दाखवायचं.