रंगाला पैसे कशाला?

परवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका मैत्रिणीकडे गेले होते. दिवाळीत त्यांनी घराला नवा रंग दिलाय. हॉलच्या तीन भिंती फिक्या आणि टीव्हीमागची चौथी भिंत छान गडद. येणारी प्रत्येक जण आधी भिंतीकडे बघत होती आणि मग वाण घेत होती. "किती प्रसन्न वाटतं हो घरात आल्यावर!" असं चार-पाच जणींनी तरी म्हटलं असेल. खोटं कशाला बोलू, मीही म्हटलं.

त्याच हॉलमध्ये तिळगूळ खाता खाता विषय निघाला घरकुलांचा. शेजारच्या गावातल्या घरकुलांना आतून गिलावा आणि रंग देण्यासाठी आम्ही काही जणी थोडीफार वर्गणी गोळा करतो, हे सगळ्यांना माहीत होतं. एक वहिनी म्हणाल्या, "अहो ताई, सरकारने घर दिलं, संडास दिला. आता रंगसुद्धा आपणच द्यायचा का? उद्या पडदे मागतील!" सगळ्या हसल्या. दुसरी म्हणाली, "दाराला, पत्र्याला मागा, देते. रंगाला नाही हं मी देणार. रंग म्हणजे हौस. हौस ज्याची त्याने करावी."

मी गप्प बसले. मला उत्तर सुचलं नाही असं नाही, पण दोन वर्षांपूर्वी मी स्वतः अगदी हेच वाक्य बोलले होते, आणि तेही एका बाईच्या तोंडावर.

ही बाई आमच्या बचत गटातली. नवरा वारलेला, पदरात एक मुलगी, रोज दुसऱ्याच्या रानात खुरपणी. बऱ्याच खेपा मारल्यावर घरकुल मंजूर झालं, तिच्या एकटीच्या नावावर. त्या दिवशी तिने गटाला पेढे वाटले होते. घर उभं राहिलं, पण फक्त उभं राहिलं. वर स्लॅब, खाली कोबा आणि चारी बाजूंनी उघड्या विटा. वर्षभराने मुलीला बघायला पाहुणे येणार होते. तेव्हा ती आमच्या मदत निधीतून दहा हजार मागायला आली. पुढच्या खोलीला आतून गिलावा आणि रंग करायचा म्हणाली.

निधीचा हिशेब माझ्याकडे असतो. मी म्हटलं, "अगं, आजारपणाला माग, मुलीच्या फीला माग. रंगाला कसे देऊ? देणारे लोक काय म्हणतील?" ती काही बोलली नाही. "बरं ताई," म्हणाली आणि गेली. वहीत मी लिहिलं, 'रंगकाम – नामंजूर.' वर मनात स्वतःची पाठही थोपटली, की लोकांच्या पैशाची आपण किती काळजी घेतो!

नागपंचमीच्या सुमाराला तिच्याकडे गेले. समोरची एकच भिंत गिलावा करून गुलाबी रंगवलेली होती आणि तिच्यावर पांढऱ्या रंगाने सुंदर तुळशीवृंदावन काढलेलं होतं. बाकीच्या तीन भिंती तशाच, विटांच्या. "पैसे कुठून आणलेस?" म्हणून विचारलं. तर बायकांना घरपोच कर्ज देणाऱ्या एका कंपनीकडून घेतले होते, दर आठवड्याच्या हप्त्याने. त्यात एवढीच भिंत झाली. पाहुण्यांना मात्र शेवटी शेजारणीच्या ओसरीवरच चहा दिला म्हणे. मी म्हटलं, "एवढं कशाला करायचं गं?" तेव्हा तिने सांगितलं, "ताई, उघड्या इटांच्या घरात बसलं की पावनं इटाच मोजत बसत्यात. माझ्या पोरीकडं कोन बघनार?"

मैत्रिणींनो, त्या दिवसापासून 'रंग म्हणजे हौस' हे वाक्य माझ्या घशाखाली उतरत नाही.

जरा आठवून बघा, आपल्या आज्यांची घरं कशी होती? मातीची भिंत, शेणाने सारवलेली भुई, पांढऱ्या मातीचा नाहीतर चुन्याचा हात, खाली गेरूचा पट्टा. दिवाळीआधी घरातल्या बायका पदर खोचून भिंतींना लागायच्या. माती ओढ्याकाठची, शेण गोठ्यातलं, चुना असला तर चार आण्यांचा. गरिबातली गरीब बाईसुद्धा आपलं घर स्वच्छ आणि देखणं ठेवू शकत होती, कारण त्याला पैसा लागत नव्हता, हात लागत होते. आपल्याकडच्या वारली चित्रांचंच बघा ना. लग्नघरात कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढायचं काम पिढ्यान्‌पिढ्या सुवासिनींचं होतं. ती कला पुढे जगभर गेली. पण तिची सुरुवात 'आपल्या घराची भिंत सजली पाहिजे' एवढ्या साध्या गोष्टीतूनच झाली ना?

आता पक्कं घर आलं. चांगलंच झालं. पावसात गळणाऱ्या कुडाच्या घरात परत जा, असं मी कुणालाही म्हणणार नाही. पण उघड्या विटेच्या भिंतीला शेणामातीचा हात धरत नाही. तिला सिमेंट लागतं, वाळू लागते, गवंडी लागतो, मग रंग लागतो. म्हणजे जे काम बाई आपल्या हाताने फुकटात करत होती, ते आता रोख पैशाचं झालं. आणि तो पैसा घरकुलाच्या हिशेबात कुठे बसतो? नीट बसतच नाही.

हिशेब सांगते. इंदिरा आवास योजना १९८५ मध्ये सुरू झाली. २०१६ मध्ये तिच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण आली. अनुदान ठरलं सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. संडासाचे १२ हजार वेगळे. घर निदान २५ चौरस मीटरचं हवं, म्हणजे साधारण २७० चौरस फूट. १ लाख २० हजारांना २७० ने भागा. चौरस फुटाला साडेचारशेसुद्धा येत नाहीत! आमच्या भागात आज साधं बांधकामदेखील पंधराशेच्या खाली कुणी अंगावर घेत नाही. २०२५ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात या अनुदानात ५० हजारांची वाढ जाहीर झाली. ती धरली तरी सव्वासहाशे-साडेसहाशेच्या पुढे हिशेब जात नाही. पैसा हप्त्याहप्त्याने येतो आणि तो पायात, भिंतीत, स्लॅबमध्ये जातो. वर जे लागतं ते उसनवारीने, डोरलं मोडून, शेरडं विकून. गिलाव्यापर्यंत येईतो बाईच्या हातात काही उरलेलं नसतं.

शिवाय गिलावा आणि रंग ही नुसती शोभा नसते. उघड्या विटेतून पावसाळ्यात ओल आत येते. फटींत ढेकूण-झुरळं होतात. चुलीचा धूर विटेवर बसला की पुसता येत नाही. पांढऱ्या भिंतीने खोली उजळते, पोरांना अभ्यासाला दिसतं. मेक्सिको देशातल्या एका राज्यात २००० साली सरकारने गरिबांच्या घरात मातीच्या जमिनीवर सिमेंटची जमीन करून द्यायला सुरुवात केली. पुढे अभ्यासकांनी पाहणी केली. लहान मुलांतले जंत आणि जुलाब तर कमी झालेच, पण त्या घरातल्या आया अधिक समाधानी होत्या आणि त्यांच्या मनावरचा ताणही कमी झाला होता. जमिनीचा बाईच्या मनाशी काय संबंध, असं एखादा पुरुष विचारील. आपल्याला तर विचारायची गरज नाही. दिवसाचे चोवीस तास त्या चार भिंतींत वावरतं कोण?

आता मोठ्या मनाने एक गोष्ट कबूल करू या. आपल्यालाही सरकार मदत करतं. आमच्या यजमानांनी घराचं कर्ज काढलं तेव्हा व्याजावर आयकरात वजावट मिळाली. राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत आणि दुरुस्ती-नूतनीकरणाच्या कर्जाच्या व्याजावर ३० हजारांपर्यंत अशी वजावट जुन्या पद्धतीने कर भरणाऱ्याला घेता येते. हा न भरलेला कर म्हणजेही सरकारचा पैसाच की! पण 'यांना घर दुरुस्तीला सरकारने का मदत करायची?' असं आमच्या हॉलमध्ये बसून कुणी विचारलेलं मला आठवत नाही. आपली ती सवलत आणि तिची ती खैरात, असा न्याय आपण कधी लावला, ते आपल्यालाही कळलं नाही.

आणि घरकुलातल्या बाईने करायचं तरी काय? घर तसंच ठेवलं तर आपण म्हणतो, "बघा, सरकारने एवढं दिलं, पण यांना टापटीप म्हणून नाही." रंग दिला तर म्हणतो, "रंगाला पैसे आहेत, मग घरकुल कशाला पाहिजे होतं?" म्हणजे गरिबाने गरीबच दिसलं पाहिजे, तरच आपल्याला मदत केल्याचं समाधान! २०१७ मध्ये राजस्थानातल्या दौसा जिल्ह्यात हे अगदी भिंतीवरच आलं. स्वस्त धान्य घेणाऱ्या घरांच्या भिंतींवर 'मी गरीब आहे' अशा अर्थाचा मजकूर रंगवण्यात आला. देशभर टीका झाली. ते वाचून आपण सगळ्याच हळहळलो. पण आमच्या त्या बाईच्या उघड्या विटा येणाऱ्याजाणाऱ्याला वेगळं काय सांगत होत्या?

आक्षेप घेणाऱ्या वहिनींचं सगळंच चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. त्या म्हणतात, यादीत नाव लागून वर्षानुवर्षं छपराची वाट बघणारी माणसं आहेत, त्यांचं आधी बघा. खरं आहे. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याला छप्पर आधी, यात दुमत नाही. घरकुल घेऊन ते भाड्याने देणारे महाभाग आहेत, हेही खरं. पण एकाने गैरफायदा घेतला म्हणून दुसरीने उघड्या विटांत का राहायचं? आणि अर्धवट घर बांधून 'पूर्ण' म्हणून त्याचा फोटो काढायचा, यात तरी कुणाचा पैसा सत्कारणी लागला? गिलावा आणि निदान चुन्याचा एक हात हा घराचाच भाग धरून अनुदान ठरवावं, एवढी मागणी तर ग्रामसभेत आपण करू शकतो. कुणावर उपकार म्हणून नाही, काम पुरं व्हावं म्हणून.

आम्ही आमच्यापुरतं एक केलं. वहीतला तो 'नामंजूर'चा शेरा मी गटाच्या बैठकीत वाचून दाखवला आणि 'माझं चुकलं' म्हणाले. मग नियम बदलला. आता निधीतून गिलावा आणि रंगासाठी बिनव्याजी पैसे देतो, तेही फार नाही, एका खोलीपुरते. परतफेड जमेल तशी. गवंड्याच्या हाताखाली गटातल्याच बायका राबतात, त्यामुळे मजुरी वाचते. रंग मारायला तर कुणाला बोलवावंच लागत नाही. ज्यांनी आयुष्यभर भिंती सारवल्या त्यांना ब्रश धरायला काय शिकवायचं? आतापर्यंत सात खोल्या झाल्या. आकडा लहान आहे, मला ठाऊक आहे.

एक गोष्ट मात्र मी शिकले. पहिल्या खोलीच्या वेळी आम्ही शहाणपणाने पांढरा रंग घेऊन गेलो. स्वस्त आणि टिकाऊ. त्या घरातली म्हातारी डबा बघून म्हणाली, "पांढरा नको बाई. दवाखान्यावानी वाटंल." आम्ही तिला विचारलंच नव्हतं! दुकानदाराने डबा बदलून दिला आणि म्हातारीने पोपटी निवडला. आम्हाला तो भडक वाटला. पण राहायचं तिला होतं.

त्या हळदीकुंकवाला मी गप्प बसले, म्हणून आज हे लिहितेय. वहिनी, तुमच्या माळ्यावर दिवाळीच्या रंगाचे उरलेले डबे असतील. अर्धे-पाव. पुढच्या वर्षी उघडून बघाल तर वर साय धरलेली असेल आणि फेकून द्याल. त्याआधी मला निरोप धाडा, मी येऊन घेऊन जाईन. मात्र डबा दिलात तरी रंग कुठला हवा ते त्या घरातल्या बाईला विचारूनच लावणार, हे आधीच सांगते.

आणि हो, त्या गुलाबी भिंतीच्या घरातल्या उरलेल्या तीन भिंती यंदा पावसाळ्याआधी करायच्या आहेत. या खेपेला तिने मागितलं नाही. मीच गेले होते विचारायला. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ताई, कंपनीचा हप्ता फिटू द्या आधी." तो हप्ता माझ्या एका 'नामंजूर'मुळे तिच्या मागे लागला. तो फिटेपर्यंत मला त्या वहीकडे नीट बघवणार नाही.